मेंदीचं वाक्य

९ जानेवारी २०२५, गुरुवार

सोनमला कामावरून काढलं. सोमवारपासून. दुजोरा: मयूरी, तिची नणंद, त्याच युनिटमध्ये, त्याच टेबलावर छपाई करते. फोन दुपारी बारा चाळीसला.

सवयीने असंच लिहिलं गेलं. आधी काय झालं, मग कोणी सांगितलं. नागपूरच्या पेपरात बावीस वर्षं काढली की वाईट बातमीही याच साच्यातून बाहेर पडते.

युनिट बगरूतलं, आम्ही आता राहतो त्या शहराबाहेरच्या गावातलं. लाकडी ठप्प्यांनी कापड छापतात आणि ‘फक्त नैसर्गिक रंग’ म्हणून विकतात; खरेदीदार पाहुणे म्हणून युनिट बघायला येतात. माझ्या पीएच.डी.चा प्रश्न साधा होता — इथल्या बायका काम शिकतात आणि दोन-तीन वर्षांत सोडून का जातात? वीसजणींना विचारलं. एकोणीस जणी म्हणाल्या, घरचे नको म्हणतात. सोनमने वेगळं सांगितलं. घाईची ऑर्डर आली की डब्यातला तयार रंग मिसळतात. त्याने हातावर चट्टे उठतात. चट्टे उठलेल्या बाईला ‘थोडे दिवस घरी बस’ सांगतात आणि परत बोलावतच नाहीत. बाई हे कुणाजवळ बोलत नाही, कारण चट्ट्यांचं कळलं तर दुसरं युनिटही घेणार नाही. मग सांगायला काय उरतं? घरचे नको म्हणतात!

याच अभ्यासावर एका संस्थेसाठी केलेल्या अहवालात मी तिला ‘क्रमांक सात’ केलं. नाव नाही, वय नाही, गल्ली नाही. अहवाल डिसेंबरअखेर छापून आला. एक प्रत युनिटला, मालक सेठकडे, गेली. त्याआधी सेठशी एकदा फोनवर बोलणं झालं होतं, नेहमीप्रमाणे.

मयूरीने विचारलं, “जीजी, आपने किसी को भाभी का नाम तो नहीं बताया?”

म्हटलं, नाव कुठेही नाही. हवं तर अहवाल बघ.

खोटं नाही ते.

१० जानेवारी, शुक्रवार

अहवाल पुन्हा वाचला. पान एकतीसवर सापडलं. “क्रमांक सातच्या ठप्प्याच्या मुठीला लाल रिबन गुंडाळलेली होती. तिच्या मुलीच्या शाळेची.”

का लिहिलं हे? वाचकाला बाई दिसावी म्हणून. आमचे संपादक सांगायचे, बातमीत हातात धरता येईल अशी एक तरी वस्तू हवी. माझे मार्गदर्शक पवन सरांनी नेमक्या याच परिच्छेदाखाली ‘बहुत सुंदर’ लिहिलं होतं. छपाईच्या गल्लीत माणूस त्याच्या ठप्प्यावरून ओळखला जातो. मी नाव झाकलं आणि ठप्पा उघडा ठेवला.

लाज वाटते. पण इथे तरी खरं लिहावं — लाजेबरोबर थोडं हलकंही वाटलं. कारण सापडलं. कारण सापडलं की मला नेहमीच हलकं वाटतं.

११ जानेवारी, शनिवार

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला, राजरत्नला, मी चिकित्सक वास्तववाद समजावून सांगितला होता. तो रेल्वेत, सिग्नल विभागात. सगळं ऐकून म्हणाला होता, “गाडी उभी राहिली हे प्रवाशाले दिसते. सिग्नल लाल झाला हे ड्रायव्हरले दिसते. सिग्नल लाल काहून झाला हे आम्हाले शोधा लागते. याच्यासाठी पीएच.डी. करून राहिली तू?”

आहेही तेवढंच. वर माणसाच्या अनुभवाला येतं ते. त्याखाली प्रत्यक्ष घडतं ते, कुणी पाहो न पाहो. त्याच्याही खाली ज्याच्यामुळे ते घडतं ते. डोळ्यांना दिसत नाही, पण असतं. संशोधकाने उलटं चालत जायचं. जे घडलं ते घडायला खाली काय असायलाच हवं? आणि हाती लागलेलं उत्तर चुकीचं असू शकतं हे धरून चालायचं. जग आपल्या समजुतीप्रमाणे वागायला बांधलेलं नाही. म्हणून सगळी उत्तरं सारखीच, असंही नाही. एखादं दुसऱ्यापेक्षा जास्त खरं असतं आणि ते शोधण्याची जबाबदारी टळत नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी हे वाचलं तेव्हा आपण आयुष्यभर वरच्या थराची बातमीदारी केली असं वाटलं होतं. ‘घरचे नको म्हणतात’ हा वरचा थर. मी खाली उतरले. अभिमान होता मला त्याचा.

आज त्याला रिबनचं सांगितलं. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “रिबन तिच्या एकटीच्याच ठप्प्याले होती, हे पाह्यलं होतं का तू?”

मी अहवाल उचलून आत नेला.

१३ जानेवारी, सोमवार

पवन सरांकडे गेले होते. प्रबंध दाखल करण्याआधी नीतिसमितीचा अर्ज भरावा लागतो. कलम चौदा: संशोधनामुळे कोणा सहभागी व्यक्तीला हानी पोहोचली आहे का? हो / नाही.

सरांना सोनमचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “जयंतीजी, रिपोर्ट संस्था की है, थीसिस आपकी. और सेठ ने काग़ज़ पर क्या वजह लिखी है?”

बिना सूचना गैरहाजिर, असं लिहिलंय म्हणे.

“तो फिर? संबंध सिद्ध कहाँ हुआ?”

कागदावरचं कारण हे कारण नसतं, हे मला तीन वर्षं शिकवणारा माणूस! पण सर वाईट नाहीत. मार्चमध्ये निवृत्त होतायत. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. ‘हो’ लिहिलं की समिती चौकशी लावणार, वर्ष जाणार, नवा मार्गदर्शक शोधावा लागणार.

‘नाही’वर खूण केली. त्यांनी सांगितलं म्हणून केली असंही म्हणता येणार नाही. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळं शहर पतंग घेऊन गच्चीवर. शेजारच्या काकूंना तिळगूळ दिला. ‘गोड बोला’ म्हणता आलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज बगरूला जाऊन आले. दोनशे फुटी बायपासच्या थांब्यावरून बस. वाटेत रिबनबद्दल माफी कशी मागायची ते ठरवत होते. तीन वाक्यं तयार केली होती.

सोनम अंगणात मटार सोलत बसली होती. सासू बाजेवर. मला बघून सोनम उठली, हात पुसले, दुसरी बाज उन्हात ओढली. हात आता स्वच्छ दिसतात तिचे. काम सुटलं म्हणून.

तयार वाक्यं म्हटली. ती ऐकत राहिली आणि मग हसलीच. “जीजी, रिबन तो आधे ठप्पों पे है. मूठ चुभती है ना. आपको मेरी दिखी, क्योंकि आप मेरे पास बैठती थीं.”

बारा वेळा गेले होते मी त्या युनिटमध्ये. बारा वेळा तिच्याच शेजारी बसले. तिथे सावली होती आणि ती बोलायची.

“सेठ ने रिबन की बात ही नहीं की,” ती म्हणाली. “उसने मेहंदी वाली बात बोली.”

मटाराची शेंग हातात घेतली होती मी. ती फोडली. चार दाणे.

सोनम सांगत होती. मोठी ऑर्डर गेल्यावर सेठने तिला बोलावलं आणि म्हणाला, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नणंदेच्या हातांना मेंदी लावतेस ना, चट्टे झाकायला? लाव आता घरी बसून. तिने मला सांगितलेल्याच शब्दांत, जसंच्या तसं. “आपकी किताब मैंने दो बार पढ़ी. उसमें मेहंदी कहीं नहीं है. ये बात तीन जने जानते थे. मैं, आप और ये.” ‘ये’ म्हणताना तिने आतल्या खोलीकडे हात केला. “आपने तो लिखी ही नहीं. और इसकी नौकरी बची हुई है. अब आप ही बताओ.”

सासू बाजेवरून म्हणाली, “पेट की जाई है, क्या करूँ. घर का भेदी घर में ही निकला.”

मयूरी चहा घेऊन आली. बावीस वर्षांची मुलगी, मान खाली. मला कप दिला, आईला दिला. सोनमचा कप तिने जमिनीवर ठेवला, कारण सोनम तिच्या हातून घेत नाही. दहा दिवसांपासून तिचं ताट वेगळं. कप तिथेच राहिला. त्यावर साय धरली.

जाता जाता मयूरी थांबली. “जीजी को तो मालूम है, मैंने नहीं बोला.”

तिघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, “मुझे कैसे मालूम होगा?”

निघताना सोनमने पिशवीभर मटार दिले. घेतले मी!

२० जानेवारी, सोमवार

लिहायचं टाळत होते ते लिहिते.

बुधवार, १८ डिसेंबर. अहवालाचा अंतिम मसुदा सरांना संध्याकाळी सहापर्यंत द्यायचा होता. मसुद्यात एक वाक्य होतं: “पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी नणंदेच्या हातांना मेंदी लावून देते, चट्टे झाकले जातात आणि पाहुणे मेंदीचे फोटो काढतात.” अख्ख्या अहवालातलं सगळ्यात चांगलं वाक्य. वरचा थर मेंदी, खालचा थर चट्टे, त्याखाली पाहुण्यांना दाखवायचं नैसर्गिक रंगाचं प्रमाणपत्र. सगळं एका वाक्यात.

साडेचारला मी सेठला फोन केला. दुसरी बाजू घ्यायला. कुणावर आरोप छापायचा असेल तर आधी त्याचं म्हणणं विचारायचं, हे माझ्या हाडात आहे. पहिल्या वर्षी एकदा विचारलं नव्हतं तर संपादकांनी सगळ्यांसमोर बातमी फाडली होती. तेव्हापासून चुकले नाही. मी सेठला वाक्य वाचून दाखवलं. अक्षरशः. नणंदेसकट.

त्या युनिटमध्ये नणंद-भावजयीची एकच जोडी आहे.

तो म्हणाला, सब झूठ है. दुसरा कोणी दुजोरा देणारा नव्हता, म्हणून मी ते वाक्य काढून टाकलं. सहाला पाच कमी असताना मसुदा पाठवला आणि स्वतःवर खूश झाले. किती नियमाने वागलो आपण! छापलं ते फक्त रिबनचं. सेठला सांगितलं ते मेंदीचं.

बातमीदाराला जे शोभतं ते संशोधकाला शोभत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. परवानगीच्या कागदावर माझ्याच अक्षरात आहे — तुमचं म्हणणं कोणालाही तुमच्या ओळखीसह सांगितलं जाणार नाही. सोनमने तो कागद मोठ्याने वाचून मग सही केली होती.

नऊ तारखेला याच वहीत मी ‘सेठशी एकदा फोनवर बोलणं झालं होतं’ असं लिहिलं आणि पुढे गेले. म्हणजे मला माहीत होतं. वहीलासुद्धा मी वरचा थर दिला.

२१ जानेवारी, मंगळवार

राजरत्नला सांगितलं. अनुश्रीही तिथेच होती, कॉलेजला निघायच्या घाईत, केस विंचरत.

“आई, मतलब तू त्याला फोनवर वाचून दाखवलं? पूरा?”

“पूर्ण.”

“पर क्यों?”

दोन्ही बाजू घ्यायच्या असतात, म्हटलं. कंगवा तसाच केसांत ठेवून ती बघत राहिली. मग म्हणाली, “त्याला कोणी काढणार होतं का नोकरीवरून?”

राजरत्न उठला. डबा भरला, बूट घातले. दारात वळला. “आमच्याकडे ज्याच्या हातून गाडी घसरली, त्यालेच चौकशी अधिकारी करत नाहीत. तू बारा दिवसांपासून तेच करून राहिली.”

दिवसभर ते वाक्य घरात फिरत होतं.

खरंच की. मी रिबन शोधून काढली. पुराव्यात बसणारी, छापलेली, पान क्रमांकासकट. तिच्यात माझी चूक होती, पण देखणी चूक होती. लेखिकेची चूक. सांगितली तर ऐकणारा म्हणेल, अरेरे, किती बारकाईने लिहिता तुम्ही. आणि सोनमने काय केलं? तिनेही पुरावाच पाहिला. तिघींना माहीत, एकीने लिहिलं नाही, एकीची नोकरी शाबूत. तिचा तर्क माझ्यापेक्षा पक्का आहे. फक्त खालचा थर तिच्यापुढे नाही. तो माझ्या फोनमध्ये आहे, अठरा डिसेंबर, चार बत्तीस, अकरा मिनिटं.

सेठने मयूरीला का ठेवलं? मला माहीत नाही. हात कमी असतील. किंवा घरात भांडण लागलं की बाकीच्या बायका गप्प बसतात, हे त्याला कळत असेल. हे मी आता लिहिलं तेही अंदाजानेच. पुरे.

२२ जानेवारी

मटार अजून फ्रीजमध्ये. कोणी हात लावत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सरांकडे जाऊन अर्ज परत मागितला. कलम चौदामध्ये ‘हो’ केलं आणि मागे जोडायला दीड पान लिहून नेलं. कोणाला, कधी, काय वाचून दाखवलं. विशेषण एकही नाही.

सरांनी दीड पान दोनदा वाचलं. “ये आप निकाल भी सकती थीं,” म्हणाले. मग, “फोन मुझसे पूछकर करतीं तो मैं मना करता. शायद. डेडलाइन मेरी ही थी.”

समितीची बैठक तीन फेब्रुवारीला. प्रबंध थांबला. सरांनी स्वतःच्या हाताने फाइलवर ‘स्थगित’ लिहिलं. चहा पाजला. त्यांची लाज आणि माझी लाज समोरासमोर बसून पारले बिस्किट खात होती.

सोपं गेलं हे. समितीसमोर चूक कबूल करणं सोपं असतं. तिथे खुर्च्या असतात, भाषा असते.

सोनमला अजून सांगितलेलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सोनमला फोन केला. म्हटलं, रविवारी येते. सव्वीसला युनिट बंद असेल, सगळे घरी असाल. मयूरीही हवी.

“क्या बात है जीजी?”

समोर सांगते, म्हटलं.

तेव्हाच सांगता आलं असतं. चार वाक्यांचं काम. फोनवर सेठला सांगताना मला कुठे समोरासमोर लागलं होतं? पण नाही सांगितलं. अकरा वाजता यायचं ठरलं. ती म्हणाली, खाना यहीं खाना.

फोन ठेवल्यावर हिशेब सुचला: शुक्रवार, शनिवार, अजून दोन दिवस ती मुलगी वेगळ्या ताटात जेवणार. माझ्या सोयीसाठी.

२५ जानेवारी, शनिवार

सोनमचा फोन, दुपारी सव्वातीनला. आवाज मोकळा.

“जीजी, अब आप तकलीफ़ मत करो. मयूरी ने मान लिया.”

काय मान लिया?

“कि सेठ को उसी ने बताया. कल शाम को, सबके सामने. रोई बहुत. मैंने माफ़ कर दिया. छोटी है. रात को सबने साथ में रोटी खाई.”

मागे मयूरीचा आवाज आला. काहीतरी विचारत होती, मीठ कुठे ठेवलंय असं काहीतरी. सोनमने तिला हाक मारून सांगितलं. सोळा दिवसांनंतर.

“तो अब बात ख़तम,” सोनम म्हणाली. “आराम करो आप.”

मी म्हटलं, येते.

“क्यों?”

तिने केलेलं नाही, म्हणून.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग फोन ठेवला गेला. नंतर दोनदा लावला, उचलला नाही.

उद्या सकाळी साडेनऊची बस. अकराला मी अंगणात असेन. दार उघडतील की नाही, माहीत नाही.